ऐकलंत का, मॉल्डनच्या चिखलात काय काय झालं ते!

अहो वहिनी, ऐकलंत का? थांबा, आधी ती पाण्याची नळी बंद करा, नाहीतर मला सगळं ओरडून सांगावं लागेल आणि पलीकडच्या घरात... त्यांना मराठी येत नाही म्हणा, पण कोणाबद्दल चाललंय ते माणसाला बरोबर कळतं हो. हं, या इकडे, ह्या मोडक्या फळीपाशी.

काल मॉल्डनला आमच्या वन्संचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. तुमची नेमकी कालच ड्यूटी! पुण्याच्या वन्सं हो, ज्यांनी तुमचं श्रीखंड वाटीभर खाऊन "बरं आहे, वेलची जास्त झालीय" म्हटलं होतं, त्याच. त्यांना आमच्या भाच्याने काय सांगितलेलं, तर चॅरिटीसाठी पळायचंय. एवढंच. वन्संना वाटलं, पुण्यासारखी मॅरेथॉन असणार. पांढरे बूट, छातीवर नंबर, शेवटी मेडल. घरून निघताना पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा टाकला होता बिचाऱ्यांनी. आणि तिथे त्या तंबूच्या मागनं त्यांचा एकुलता एक मुलगा बाहेर आला तो... नऊवारीत!

पोपटी नऊवारी, जांभळे काठ. कपाळावर चंद्रकोर, नाकात दाबाची नथ, पायात फुटबॉलचे जुने बूट. आणि दाढी तशीच.

"हे काय?" वन्सं म्हणाल्या. मोठ्याने नाही हं, अगदी हळू. त्यांचं हळू बोलणं म्हणजे तुम्हाला माहितीये. मग जवळ गेल्या, पदराचं टोक हातात घेतलं, काठ उलटून बघितला आणि सावकाश माझ्याकडे मान वळवली. "ही तर मी हिला दिलेली."

आता तुमच्यापासून काय लपवायचं. दिलेलीच होती. मंगळागौरीला नेस म्हणून. पण वहिनी, पोपटी! त्यावर जांभळे काठ! ह्या वयात मला? कपाटात अगदी तळाशी गेली होती ती. भाचा म्हणाला, मामी, वाया गेली तरी चालेल अशी एखादी नऊवारी आहे का, आणि माझा हात आपसूक तिथेच गेला. मी काय बोलणार? म्हटलं, "अय्या वन्सं, अगदी तशीच दिसतेय, नाही?" आमच्या ह्यांनी लगेच नदीकडे तोंड फिरवलं. हसू आलं की हे नेहमी निसर्ग बघायला लागतात.

पण थांबा, मी मधूनच सुरू केलं. आधी पोचलो कसे ते तर ऐका. गर्दी म्हणजे विचारू नका! प्रॉमनेड पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. तिकडची रेल्वे असती तर किती सोपं झालं असतं, पण विटमहून येणारी ती पॅसेंजर १९६४ सालीच बंद करून टाकली ना, त्यामुळे सगळी दुनिया गाड्या घेऊन. ह्यांना पार्किंगची धास्ती. शर्यतीच्या किती आधी नेऊन उभं केलं असेल आम्हाला? जाऊ दे, तुमच्या घरी तरी काय वेगळं असतं.

आणि समोर ब्लॅकवॉटर. नदी म्हणायची, पण नदी होती कुठे? ओहोटी पुरती लागलेली. मधोमध पाण्याची एक चिंचोळी पट्टी आणि दोन्ही अंगांना चिखल. राखाडी, चकचकीत, वर ऊन पडलेलं. हाइदच्या धक्क्याला लागतात ना त्या तांबड्या शिडांच्या मोठ्या बार्ज, त्यासुद्धा खुशाल चिखलात बसलेल्या. त्यांचं बूडच सपाट, त्यांना काय. आणि वास! कुजक्या अंड्यांचा वास येतो ना खाडीला, तोच. मी दाभोळच्या खाडीकाठची, मला तर माहेरी आल्यागत झालं. वन्संनी रुमाल काढला. "कुठलं तरी ड्रेनेज फुटलंय." मी म्हटलं, वन्सं, हा नदीचाच वास. "मग साफ का नाही करत?" आता बोला!

त्यांना म्हटलं, तुम्हाला हा वास जड जातोय, पण ह्या बार्ज पूर्वी काय वाहायच्या माहितीये का? इथनं लंडनच्या घोड्यांसाठी गवताच्या गंजी भरून जायच्या आणि परत येताना त्याच घोड्यांची लीद भरून आणायच्या, शेतांत घालायला. वन्सं दोन पावलं मागे सरकल्या. शंभर वर्षांपूर्वीची लीद हो! तरी सरकल्या.

तर काय सांगत होते... हं, वेळ काढायचा होता. म्हणून प्रॉमनेडच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे तो तलवार उगारलेला उंच पुतळा आहे ना, बिर्टनॉथचा, २००६ साली बसवलेला? डबलडेने केलाय, बेकर स्ट्रीटचा शेरलॉक होम्सही त्याचाच. वन्संनी विचारलं, हा कोण. आता मला इतिहासातलं फार नाही कळत, पण हे प्रकरण आहे मोठं मजेदार. ९९१ साली व्हायकिंग आले आणि ह्या समोरच्या नॉर्थी बेटावर उतरले. बेटावरून इकडे यायला एकच वाट, तीही फक्त ओहोटीला उघडी पडणारी. भरती आली की वाट पाण्याखाली, बसा तिकडेच. आणि ह्या बिर्टनॉथची तीन माणसं ती वाट अडवून उभी, एकाला पुढे येऊ देईनात. चांगलं चाललं होतं की नाही? तर व्हायकिंगांनी निरोप धाडला, आम्हाला अलीकडे येऊ द्या, मग समोरासमोर लढू. आणि हा म्हणाला, या!

"या?" वन्सं म्हणाल्या. "या कसं म्हणाला?"

अहो, हजार वर्षं झाली, मोठमोठे प्रोफेसर त्याच्यावरच भांडतायत की ते मोठं मन होतं की माज. वन्संनी जागच्या जागी निकाल लावला. "माज." व्हायकिंग आले, ह्याला मारलं, मुंडकं घेऊन गेले. ते तर गेलंच, वर राजाला दहा हजार पौंड चांदी मोजायला लागली त्या लोकांना परत पाठवायला. एलीच्या साधूंनी धड नेऊन पुरलं आणि मुंडक्याच्या जागी मेणाचा गोळा ठेवला. मला आवडते ती त्याची बायको. तिने नवऱ्याचे सगळे पराक्रम एका पडद्यावर भरतकाम करून काढून घेतले आणि तो पडदा एलीच्या चर्चला देऊन टाकला. मी म्हटलं, बघा वन्सं, बाईने केवढं मन मोठं केलं. तर आमचे हे काय म्हणतात, "आणि 'या' म्हणाला तो प्रसंग काढला होता का त्यात?" तेवढ्यात बरी अक्कल चालते ह्यांची.

तिथनं परत आलो आणि मग ते पोपटी प्रकरण. कुठे होते मी? हं, "ही मी हिला दिलेली."

मला वाटलं, आता इथे तमाशा. आजूबाजूला नुसती जत्रा हो. केळ्याच्या वेषात चार पोरं, दाढीवाल्या नन, कोणी कोंबडी, कोणी सांताक्लॉज. आणि आमच्या अगदी शेजारी एक आडदांड गडी, पांढराशुभ्र वेडिंग गाउन घालून. गळाबंद, मोत्यांचा, मागे लांब सोगा. चॅरिटी शॉपमधून घेतला म्हणे. ह्या सगळ्यांत वन्सं त्यांच्या मुलाभोवती एक फेरी मारतात, मागनं बघतात आणि म्हणतात, "काष्टा असा नेसतात?"

साडीचं नाही, नथीचं नाही, दाढीचंही नाही. काष्ट्याचं! पोराने कुठलासा व्हिडिओ बघून नेसली होती. निऱ्या पोटावर गोळा झालेल्या, मागे सगळा बोंगा. वन्संनी पर्स माझ्याकडे दिली, बाह्या सरसावल्या आणि तिथेच, शर्यतीच्या रेषेजवळ, काष्टा सोडला! आत त्याने सायकलची चड्डी घातली होती म्हणून निभावलं. "सरळ उभा राहा. श्वास सोड. पोट आत." तो आपला उभा. आणि पिना कोणाकडे द्यायच्या, मी तर पर्स धरलेली, तर वन्संनी वळून त्या वेडिंग गाउनवाल्याच्या हातावर ओतल्या. "होल्ड." त्याने ओंजळ पुढे केली हो, इतका आज्ञाधारक! "येस, मॅम," म्हणाला.

आता इथे आमचं दोघींचं लागलं. वन्संना पाहिजे घोट्यापर्यंत, पुणेरी, सुळसुळीत. मी म्हटलं, वन्सं, चिखलात जायचंय त्याला, चौरंगावर नाही बसायचंय. आमच्याकडे तिसऱ्या काढायला खाडीत उतरतात त्या बायका कशा नेसतात? गुडघ्याच्या वर, मांडीला घट्ट. घोट्याशी कापड आलं की त्यात गाळ भरला आणि माणूस बसला. "वर घेतली की शोभा जाते," वन्सं. "खाली ठेवली की मुलगा जातो," मी. तेवढ्यात ती कमिटीची बाई कर्णा घेऊन ओरडायला लागली, लाइन अप, लाइन अप. मग वन्संनी तोंड वाकडं करून घेतली गुडघ्यावर. पण काय बांधली म्हणून सांगू! कमरेला अशी गाठ मारली की पोराचे डोळे मोठे झाले. आणि बुटांवरून, घोट्याभोवती, पोटरीपर्यंत तो चंदेरी गॅफर टेप. तो सगळेच गुंडाळतात. नाही गुंडाळला तर बूट नदीला अर्पण.

आणि हे टेपचं सगळं चाललेलं असताना तुमचे हे तिथेच उकिडवे बसून बघत होते. हो, भाऊजीच. "कुठला टेप हा? रुंदीला किती? किती वेढे?" मी म्हटलं, भाऊजींना घरात कुठला तरी पाइप दुरुस्त करायचा असेल.

बरं. आमच्या शेजारी एक म्हातारबाबा घडीची खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर फ्लास्क. त्यांनी वन्संना मूळ कथा सांगितली, ती आपली क्वीन्स हेड पबवाल्याची. १९७३ साली कोणीतरी त्याला पैजेवर घातलं की डिनर जॅकेट घालून नदीतल्या खारवटीवर जेवण वाढून दाखव. आणि त्याने दाखवलं! मग पुढच्या वर्षी तिथे बारच मांडला, वीसेक जण चिखल तुडवत गेले, बियर प्यायले, तसेच धावत परत आले. झाली शर्यत सुरू. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "म्हणजे ह्याच्या मुळाशी दारू आहे." मी म्हटलं आहे, पण आता चॅरिटी आहे. पूर्वी तर नाताळच्या सुट्टीत करायचे, कडाक्याच्या थंडीत. आता स्प्रिंगमध्ये आणलीय तर नशीब समजा. "नशीब कोणाचं?" म्हणाल्या.

आणि सुटले की हो सगळे! अडीचशे-तीनशे माणसं एकदम. इकडच्या काठावरून उतरायचं, नदी ओलांडायची, पलीकडच्या काठाकाठाने जायचं आणि पुन्हा ओलांडून परत. सगळं मिळून साधारण ४०० मीटर. आपल्या कॉलनीतनं पोस्टापर्यंत जाऊन येण्याइतकं. पण वहिनी, पहिले पळणारे जेमतेम गेले आणि मागच्यांचं जे झालं... पुढच्यांना वरची साय घट्ट मिळते, ते जरा पळू शकतात. मागच्यांच्या वाटेला सगळं घुसळलेलं. पाय गेला की मांडीपर्यंत. आणि लोकांना वाटतं, थांबून दम खावा. खाडीत थांबायचं असतं का? थांबलात की गाळ पायाभोवती बसतो, आणि मग सरळ वर ओढलंत की खालनं आणखी धरतो. अशा वेळी आडवं व्हायचं, गुडघे-हात टेकायचे, वजन पसरायचं. हे मी लहानपणी आजीकडून ऐकलेलं. पण ऐकतो कोण.

ऐकलं नाही ते आपल्या... नाव नको घ्यायला. मंडळात माइक हातात आला की सोडत नाहीत ते! ह्या खेपेला सुपरमॅन झाले होते. गुढीपाडव्यापासून सांगत होते ना सगळ्यांना, जिमला जातोय, प्रोटीन घेतोय, पहिल्या वीसात येणार. मागे लाल केप, ती जमिनीपर्यंत. उतरताना काठावर उभं राहून फोटोला हात वर केला. पहिली पन्नासेक पावलं ठीक. मग ती केप भिजली. मग चिखलात रुतली. मग मागनं येणाऱ्या एका केळ्याने तिच्यावर गुडघा दिला... आणि सुपरमॅन गळ्याला हात लावून मागे खेचले गेले! बसले ते तिथेच. कमरेपर्यंत. इकडे त्यांच्या मिसेस माझ्या मागेच उभ्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोणीतरी म्हणालं, "अहो, ते तुमचे ना?" तर म्हणाल्या, "लांबनं नीट दिसत नाही." एवढ्या उन्हात लाल केप दिसत नाही! नंतर हळूच मला विचारतात, "सीटवर घालायला प्लास्टिक आहे का तुमच्याकडे?"

आणि त्याच वेळी, वहिनी, काय सांगू, ती आपल्या शाळेच्या कोपऱ्यावर लॉलीपॉपची पाटी घेऊन रस्ता ओलांडून द्यायची ना, ती! रिटायर झाली ती! गुलाबी झिरझिरीत फ्रॉक, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा. ती बाई पहिल्यापासून उभी राहिलीच नाही. सरळ चार पायांवर. खाजणात निवट्या पळतात ना भरती यायच्या आधी, तशी सपसप गेली चिखलावरून. सुपरमॅनच्या शेजारनं जाताना थांबलीही नाही, नुसती मान वळवून म्हणाली, "ऑल राइट, डार्लिंग?" इकडे काठावर लोक हसून हसून... त्यांच्या मिसेसना पण शेवटी हसू फुटलं. आधी दाबत होत्या, मग खांदे हलायला लागले. बचाववाले फळी घेऊन गेले, त्यांना काढलं. पण बाहेर नाही हं आले ते, तसेच पुढे गेले, रांगत. तेवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन. बोलतात फार, पण पुरं केलं त्यांनी.

आमचा भाचा? अहो, तोच तर मुद्दा! नवरीच्या गाउनने पाणी पिऊन पिऊन तिला खाली बसवलं, सोगा फाटून गेला, बिचारी अर्धी नवरी चिखलातच राहिली. ननांची वस्त्रं गळ्याभोवती गुंडाळली. केळ्यांचं तर सालच निघालं. आणि आमची पोपटी? जागची हलली नाही! काष्टा तिथल्या तिथे, निऱ्या तिथल्या तिथे, पदर कमरेला खोचलेला. पोरगा मधल्या पाण्याच्या पट्टीत पोटापर्यंत गेला, मी म्हटलं आता सुटते, पण बाहेर आला तर जशीच्या तशी, फक्त रंगाने काळी. माइकवाला ओरडतोय, "आणि ती बघा आपली हिरवी लेडी!" वन्संना सहन होईना. "लेडी नाही, नऊवारी! टेल हिम! नऊवारी!" त्या फ्लास्कवाल्या म्हातारबाबांना गदागदा हलवत. बाबा उठले, काठी टेकत माइकपर्यंत गेले आणि सांगितलं. पुढे तो माइकवाला शेवटपर्यंत "नोवारी, नोवारी" करत होता. वन्संचं म्हणणं, उच्चार सोडला तर माणूस चांगला आहे.

कितवा आला ते विचारू नका. आला.

हो, पैशांचं राहिलंच! तो जमवत होता कॅन्सरच्या पेशंटांच्या हॉस्पिससाठी. कोणी किती दिले त्याची यादी त्याच्याकडे. मी काही मुद्दाम बघितली नाही, फोन टेबलावर उघडाच होता... पार्टीत सगळ्यांसमोर "माझे पन्नास धर रे" कोण म्हणालं होतं आठवतंय? किती दिले असतील? पाच. पौंड पाच, आणि खाली तीन ओळी शुभेच्छा. आणि ज्यांच्याकडनं काही अपेक्षा नाही अशा त्या आपल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने वीस दिले. आणि एक शंभर पौंड आहेत, नाव न घालता. ह्यांना वाटतं, ऑफिसातला कोणी असेल. मला वाटतं... नाही, मी काही बोलत नाही. भाऊजी परवा भाच्याला "रेस किती वाजता" म्हणून फोन कशाला करत होते, एवढंच मनात आलं.

तर, बाहेर आल्यावर! दात आणि डोळे सोडले तर एकही माणूस ओळखू येईना. वन्संनी दोन परक्या मुलांना ग्लुकोज पाजलं आपलाच समजून. टेप कात्रीने कापायचा, मग मोठ्या नळीचं गार पाणी अंगावर, सगळे कुडकुडतायत, नाचतायत. भाचा आईला मिठी मारायला आला तर ही हात पुढे करून, "लांब! आधी साडी सोड." आणि मग त्या गवतावर नऊ वारांची धुलाई! एक टोक आमच्या ह्यांच्या हातात, दुसरं त्या नवरीच्या, मध्ये दोन नन धरून उभ्या, आणि वन्सं नळीवाल्याला हुकूम सोडतायत, "हिअर. नॉट देअर. हिअर!" कमिटीची बाई फोटो काढत होती. तिने विचारलं, एवढं लांब कापड एकही शिवण न घालता टिकलं कसं? वन्संनी तिला कमरेची गाठ हवेत मारून दाखवली. तीनदा. बाईंना काही जमली नाही, पण मान हलवत होत्या.

येताना वन्संनी मीठ घेतलं. हो, मॉल्डनचं, ते पापुद्र्यासारखं, बारीक पिरॅमिडचं. किंमत बघून आधी "मीठ? एवढ्याला?" झालं. मग कळलं की १८८२ पासूनची कंपनी, राजघराण्यात जातं, तर पुण्याच्या भिशीतल्या सगळ्यांसाठी डबे घेतले. आणि ह्यांना गाडीत म्हणतात, "ह्याच चिखलातल्या पाण्याचं नाही ना रे हे?" हे म्हणाले, "नाही गं ताई." समोर बघून म्हणाले. तुम्ही पण सांगू नका.

साडी ना? मशीनला लावली, परत लावली, पाणी काळंच. पण वहिनी, एक गंमत सांगू, कोणाला बोलू नका. त्या गाळाने तिचा पोपटी पार उतरलाय. असा शेवाळी झालाय, जुन्या इरकलीसारखा शांत, आणि काठ वांगी. आता बरी दिसतेय! काल रात्री आरशासमोर धरून बघितली मी. वन्सं म्हणतात, वाया गेली, मी तुला दुसरी तशीच पाठवते. मी आपली गप्प.

पण मी तुम्हाला हाक कशाला मारली ते तर राहिलंच. सगळं आटपून आम्ही गाडीकडे निघालो तर भाऊजी कुठे दिसेनात. म्हटलं, चिप्स खायला गेले असतील. बघते तर कमिटीच्या टेबलाशी. त्या बाईंना विचारतायत, पुढच्या वर्षीची नावं कधीपासून घेणार! आणि मग आमच्या भाच्याला बाजूला घेऊन... मी काही कान लावून ऐकत नव्हते, बुटाची लेस बांधत होते... म्हणाले, "चांगल्या काठाची लागते का रे, की कुठलीही चालते?"

अय्या, म्हणजे तुम्हाला खरंच काही बोलले नाहीत? वहिनी, तुमची ती मोरपंखी, लग्नातली, आईने दिलेली नऊवारी... ती कुठे असते हो? पलंगाखालच्या बॅगेत? मग आधी वर जा आणि आहे का ते बघून या. जा हो, मी उभी आहे.